पैसे आणि आडोसा : महाविद्यालयीन चॅटिंगची पार्श्वभूमी

महाविद्यालयीन विद्यार्थी इतके चॅटिंग का करतात, या प्रश्नावर ‘वयच तसे असते’ हे उत्तर ठरलेले आहे. मागचा इतिहास पाहता मात्र पैसे आणि आडोसा ही दोन कारणे वयापेक्षा ठळकपणे पुढे येतात.

मुळात हा प्रकार विद्यापीठांतच रुजला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकप्रणालीवर 1973 मध्ये ‘टॉकोमॅटिक’ सुरू झाले आणि त्यात समोरच्याने टंकलेले एकेक अक्षर त्याच क्षणी इतरांच्या पडद्यावर उमटू लागले. 1988 मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात ‘आयआरसी’ (इंटरनेट रिले चॅट) ही इंटरनेटवरून गप्पा मारण्याची प्रणाली तयार झाली. यंत्र आणि जोडणी दोन्ही विद्यापीठाची असल्याने विद्यार्थ्याच्या खिशाला झळ बसत नव्हती. 1997 मध्ये ‘एओएल’ या अमेरिकी इंटरनेट कंपनीचा मेसेंजर आला, तेव्हा अनेक अमेरिकी वसतिगृहांच्या खोल्यांपर्यंत कायम चालू असणारी जोडणी पोहोचत होती, त्यामुळे वर्गाला जाताना ‘मी बाहेर आहे’ अशी पाटी पडद्यावर लावून जाण्याची रीतच तेथे पडली.

आपल्याकडे परिस्थिती उलटी होती. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खातेही होते, पण त्यावर केवळ मजकूर दिसे. घरून जोडणी करायची तर इंटरनेटचे तास आणि फोनचे मीटर दोन्ही पळत असत, शिवाय फोन बहुधा बैठकीच्या खोलीत, वडिलांच्या नजरेसमोर. म्हणून पुण्या-मुंबईतील विद्यार्थी सायबर कॅफेकडे वळले. प्लायवूडच्या अरुंद केबिनमध्ये, ताशी भाडे मोजून, याहूच्या चॅटरूममध्ये शिरायचे आणि अनोळखी माणसाला आधी ‘एएसएल’, म्हणजे वय, लिंग व ठिकाण विचारायचे, हा त्या काळचा शिरस्ता होता. अर्ध्या तासासाठी दोघा-तिघांनी वर्गणी काढणेही नवलाचे नव्हते.

मोबाइल हाती आल्यावर केबिनची गरज संपली, कारण घरातल्या सर्वांसमोर बसूनही कोणाला ऐकू न जाता बोलता येऊ लागले. स्वस्त एसएमएस पॅकवर विद्यार्थ्यांची मोठी भिस्त होती. मात्र दिवाळी किंवा नववर्षाच्या दिवशी, नेमक्या वेळी, कंपन्या पॅकची सवलत बंद ठेवत. नको असलेल्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर 2011 मध्ये एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली आणि काही आठवड्यांतच ती 200 वर नेली. मर्यादेचा रोख जाहिरातदारांवर होता, पण रात्रभर बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ती जाचली असणार. 2009 मध्ये आलेले व्हॉट्सॲप त्याच सुमारास त्यांच्या हाती पडू लागले. तेथे संदेशागणिक पैसे नव्हते. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर डेटाचे दर कोसळले आणि हिशेब ठेवण्याचे कारणच उरले नाही.

पैशाचा प्रश्न असा मिटला. आडोशाचा मिटला नाही. वेळापत्रक, असाइनमेंटची मुदत, परीक्षेची सूचना आता वर्गाच्या ग्रुपवर येते, त्यामुळे चॅटिंग नको म्हणण्याची सोय विद्यार्थ्याला फारशी राहिलेली नाही. बऱ्याच वर्गांचे म्हणूनच दोन ग्रुप असतात : एकात सर आणि मॅडम असतात व खाली ओळीने ‘ओके सर’ उमटत जाते, दुसऱ्यात त्याच सूचनेवर खरी चर्चा होते.