भांड्यातली माती, बाटलीतली बुरशी : जपानमधील कीटकपालनाच्या छंदाची पार्श्वभूमी

बाभळीवरचा सोनकिडा पकडून काडेपेटीत ठेवायचा, सोबत कोवळा पाला घालायचा आणि त्याने अंडी घातली का हे दर तासाला पेटी उघडून पाहायचे, हा खेळ महाराष्ट्राच्या खेड्यांत वाढलेल्या अनेकांना आठवत असेल. त्या अंड्यांतून पुढे काही निपजत नसे, कारण सोनकिड्याची अळी जमिनीत, मुळांवर वाढते आणि काडेपेटीत माती नसते. कीटक नुसता बाळगणे आणि त्याची पैदास करणे यांत एवढेच अंतर आहे, पण ते कापायला जपानी माणसांनाही काही शतके लागली. आज भुंगे वाढवण्याचा छंद जितका खोल तिथे रुजला आहे तितका क्वचितच दुसरीकडे कुठे रुजला असेल. म्हणून त्याचा मागोवा घेताना कीटकापेक्षा त्याला ठेवलेल्या भांड्यात काय भरले होते, याकडे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

सुरुवात कानापासून झाली. हेइआन काळात (७९४ ते ११८५) क्योतोच्या दरबारी मंडळींना गवतात गाणारे कीटक पकडून आणून पिंजऱ्यात ठेवण्याची किंवा बागेत सोडण्याची आवड होती. गेंजी या राजपुत्राच्या प्रसिद्ध कथेत तर एका प्रकरणाचे नावच ‘सुझुमुशी’ या गाणाऱ्या कीटकावरून आहे. त्याच काळाच्या परंपरेतली दुसरी एक कथा किड्यांवर प्रेम करणाऱ्या एका सरदारकन्येची आहे. ती फुलपाखरांऐवजी केसाळ सुरवंट गोळा करते आणि नाके मुरडणाऱ्यांना सांगते की, लोक ज्या फुलपाखराचे कौतुक करतात ते यातूनच होते, मग मूळ का पाहू नये? कथेत ती विक्षिप्त ठरते; पण छंद म्हणून कीटक वाढवणाऱ्या प्रत्येकाची जिज्ञासा तिच्या या प्रश्नात आधीच मांडलेली आहे, असे मला मनापासून वाटते.

सुझुमुशी हा रातकिड्याचा भाऊबंद. ‘सुझु’ म्हणजे लहान घंटा आणि ‘मुशी’ म्हणजे किडा. नर पुढचे पंख पाठीवर उभे करून एकमेकांवर घासतो आणि त्यातून बारीक घंटा किणकिणावी तसा आवाज निघतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे कीटक रानातून पकडूनच आणले जात. त्यांच्या पैदाशीची हकिगत लाफ्काडिओ हर्न या जपानमध्ये स्थायिक झालेल्या लेखकाने १८९८ मध्ये नोंदवली. त्याने दिलेल्या माहितीनुसार एचिगो प्रांतातून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, आलेल्या चुझो नावाच्या खाद्यपदार्थांच्या फेरीवाल्याने फिरता फिरता काही सुझुमुशी पकडून घरी ठेवले; ते छान गाऊ लागले, शेजारीपाजारी विकत मागू लागले आणि फेरीवाल्याचा धंदाच बदलला. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी किरियामा या एका सरदाराच्या चाकरीतल्या माणसाने काही कीटक ओलसर मातीच्या भांड्यात ठेवून पाहिले. शरद ऋतूत कीटक मेले, पण मादीने मातीत टोचून ठेवलेली अंडी तशीच राहिली आणि पुढच्या वर्षी त्यांतून पिल्ले निघाली. भांडी उबदार जागी ठेवली तर पिल्ले हंगामाआधीच निघतात, हेही मग लक्षात आले. हंगामाआधी गाणारा कीटक महाग विकला जाणार, हे उघडच होते.

यानंतर एदोत कीटकविक्रेत्यांची संख्या इतकी वाढली की ती ३६ वर मर्यादित करण्यात आली, असे हर्न लिहितो. चौकटीच्या नक्षीची त्यांची फिरती दुकाने उन्हाळ्यात रस्त्यावर दिसू लागत आणि पितरांच्या बोन सणापर्यंत हा धंदा चाले, कारण सणाला पाळलेले कीटक सोडून देण्याची प्रथा होती. आजही सुझुमुशी पाळणारे ओल्या मातीच्या पेटीत काकडीच्या आणि वांग्याच्या चकत्या टोचून ठेवतात आणि सोबत सुक्या माशाचा कीस टाकतात; तो मिळाला नाही तर हे कीटक एकमेकांनाच खातात. क्योतोच्या केगोन-जी मंदिरात ते अशा रीतीने बारा महिने वाढवले जातात, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही त्यांचे गाणे ऐकायला मिळते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कानाची जागा डोळ्यांनी घेतली. शिरस्त्राणासारखे शिंग असलेला काबुतोमुशी आणि मोठ्या जबड्यांचा कुवागाता हे भुंगे पूर्वी मुलांनी रानात जाऊन पकडायचे. शहरे वाढली तसे ते उन्हाळ्याच्या सुट्टीत डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मिळू लागले. काबुतोमुशीची पैदास सोपी असते, कारण त्याची अळी कुजलेल्या पाल्यात पोसते आणि वर्षभरात सारा फेरा पूर्ण होतो. कुवागातांपैकी ओओकुवागाता ही जात मात्र झाडाच्या ढोलीत लपणारा, काही वर्षे जगणारा आणि कुजक्या लाकडात वाढणारा भुंगा आहे. कोशातून बाहेर आलेला भुंगा पुढे वाढत नाही. त्याची लांबी मुख्यतः अळीने काय खाल्ले यावर ठरते. म्हणून शौकिनांचे सारे लक्ष अळीच्या अन्नाकडे वळले आणि १९९० च्या दशकात अळंबी उत्पादकांचे तंत्र या छंदात आले. रुंद पानांच्या झाडांचा भुसा बाटलीत ठासून भरायचा, तो निर्जंतुक करायचा आणि त्यात अळंबीची बुरशी सोडायची. बाटली पांढरीशुभ्र झाली की वर खळगा करून त्यात अळी चमच्याने अलगद ठेवायची, साधारण तीन महिन्यांनी बाटली बदलायची आणि दर वेळी अळीचे वजन ग्रॅममध्ये वहीत लिहायचे. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातले किरियामाच्या भांड्यानंतरचे सर्वांत मोठे पाऊल हेच होय.

ही बाटली घरोघरी पोहोचत असतानाच छंदाला पैशाचा ज्वर चढला. १९९९ मध्ये तोक्योत ८० मिलिमीटर लांबीचा एक ओओकुवागाता सुमारे १ कोटी येनला विकला गेला. त्याच वर्षी १९५० च्या वनस्पती-संरक्षण कायद्याखालची आयातबंदी सैल झाली. हा कायदा पिकांना धोका असणारे जिवंत कीटक देशात येऊ देत नसे. कोकणातल्या ज्या बागायतदाराने गेंडा भुंग्याने पोखरलेला माड पाहिला आहे, त्याला ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. पण कुजके लाकूड खाणाऱ्या भुंग्यांपासून पिकांना धोका नाही, असे मानून एकेक जात यादीतून मोकळी होत गेली आणि आग्नेय आशियातून वर्षाला लाखो भुंगे येऊ लागले. २००३ मध्ये सेगा कंपनीचा भुंग्यांच्या झुंजींचा पत्त्यांचा खेळ आला आणि मुलांमध्ये परदेशी भुंग्यांची मागणी वाढली.

धोका पिकांना नव्हे, रानातल्या भुंग्यांना होता. राष्ट्रीय पर्यावरण अभ्यास संस्थेतील कोइची गोका आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, जपानी आणि आग्नेय आशियाई कुवागातांचा संकर होतो आणि संकरित पिढी प्रजननक्षम असते. परक्या जातींविषयीचा कायदा २००५ मध्ये अमलात आला, तरी बहुतेक पाळीव भुंग्यांवर त्या वेळी बंदी घालण्यात आली नाही. बंदीच्या भीतीने लोकांनी ते रानात सोडले असते तर टाळायचे तेच घडले असते. त्याऐवजी सरकारने ‘सोडू नका’ असे आवाहन केले. छंदातल्या जबाबदार मंडळींनीही बाटलीवर मूळ ठिकाण आणि पिढी लिहिण्याची शिस्त लावून घेतली. अशा चिठ्ठ्यांवर अंटेउस या हिमालयी भुंग्यासाठी ‘दार्जिलिंग’ असेही लिहिलेले आढळते. परदेशी माणसाला भारतातून असे जीव नेण्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परवानगी लागते, त्यामुळे अशा चिठ्ठीतील पहिली पिढी कशी बाहेर गेली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

ओओकुवागाताच्या चिठ्ठ्यांवर सर्वांत मानाचे नाव ओसाका परगण्यातील नोसेचे आहे. तिथे आणि लगतच्या कावानिशीत चहासमारंभाच्या कोळशासाठी कुनुगी ओकच्या फांद्या ठरावीक वर्षांनी छाटल्या जात. वारंवार छाटल्याने खोडे जाड आणि गाठाळ होत, त्यांना ढोली पडत आणि त्या ढोलींत भुंगे राहत. कोळशाची मागणी घटली, छाटणी थांबली, झाडे उंच वाढून रान दाट झाले. आज नोसेच्या वंशावळीचे भुंगे जपानभर घराघरांतल्या फडताळांत, पांढऱ्या बाटल्यांमध्ये वाढत आहेत. रानातला ओओकुवागाता मात्र पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.