आईच्या शरीरातील गर्भपेशी

गर्भारपणात गर्भाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात जातात आणि बाळंतपणानंतरही वर्षानुवर्षे तिच्या शरीरात राहतात. या अवस्थेला गर्भजन्य मायक्रोकायमेरिझम म्हणतात. आईच्या पेशीही बाळाकडे जातात आणि त्याच्या मोठेपणीही सापडतात.

वार दोघांचे रक्त वेगळे ठेवते, पण पूर्णपणे नाही. आरएच निगेटिव्ह आईला, मग ती नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात असो की खासगी प्रसूतिगृहात, अँटी-डीचे इंजेक्शन देतात ते याचमुळे. बाळाच्या आरएच पॉझिटिव्ह तांबड्या पेशी तिच्या रक्तात मिसळल्या तर तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. तांबड्या पेशी फार काळ जगत नाहीत. मूळपेशींसारख्या, विभाजन पावू शकणाऱ्या पेशी मात्र टिकतात.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ गेऑर्ग श्मोर्ल यांनी १८९३मध्ये, झटके येऊन दगावलेल्या गरोदर स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी पाहिल्या होत्या. १९९६मध्ये अमेरिकी संशोधक डायाना बियांकी आणि सहकाऱ्यांना एका स्त्रीच्या रक्तात, मुलगा झाल्यानंतर २७ वर्षांनी, पुरुष पेशी आढळल्या. २०१२च्या एका अभ्यासात मृत्यूनंतर तपासलेल्या ५९ स्त्रियांपैकी ३७ जणींच्या मेंदूत पुरुष डीएनए मिळाला.

इथे 'पुरुष' या शब्दाने फसू नये. स्त्रीच्या शरीरात फक्त पुरुषांत असणारे वाय गुणसूत्र शोधणे सोपे, म्हणून संशोधकांनी ते शोधले. लेकींच्या पेशीही तशाच राहतात. त्या ओळखायला अवघड, एवढेच. शिवाय २००५च्या एका अभ्यासात मुलगा न झालेल्या १२० स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के जणींतही पुरुष पेशी सापडल्या. लक्षातही न आलेला गर्भपात, गर्भातच वाढ थांबलेले तिचे स्वतःचे जुळे भावंड, किंवा तिच्या आईमार्फत आलेल्या थोरल्या भावाच्या पेशी, अशी त्याची कारणे असू शकतात. मुलगा नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत ही माहिती पोहोचायला हवी.

पेठ-सुरगाण्याहून नाशिकला तपासणीसाठी आलेल्या एखादीच्या केसपेपरवर 'जी ३, पी १, ए १' असे लिहिलेले असते: तिसरे गर्भारपण, एक बाळंतपण, एक गर्भपात. घरात त्या गर्भपाताचा उल्लेखही होत नसेल, पण त्या गर्भाच्या पेशीही तिच्या शरीरात राहिलेल्या असू शकतात.

या पेशी तिथे काय करतात, यावर एकमत नाही. स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा कडक करणारा विकार, झालेल्या स्त्रियांत गर्भाचा डीएनए जास्त आढळल्याचे संशोधक ली नेल्सन यांच्या गटाने १९९८मध्ये मांडले. थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार विकारांतही, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारांतही, गर्भपेशी दिसल्या आहेत. दुसरीकडे, गाभण उंदरिणींच्या हृदयाला इजा झाल्यावर गर्भपेशी तिथे जमून हृदयपेशींत रूपांतरित झाल्याचे प्रयोगांत दिसले. माणसात त्या इजा करतात, दुरुस्ती करतात की नुसत्या हजर असतात, हे ठरायचे आहे. 'लेकराच्या पेशी आईला बरे करतात' असे सरसकट सांगणारे संदेश म्हणूनच पुढे पाठवू नयेत.

नाशिकमध्ये आता गरोदर स्त्रीच्या रक्तावरून गर्भातील गुणसूत्रदोषांची शक्यता तपासणारी एनआयपीटी चाचणी मिळते, ती या पेशींवर आधारलेली नाही. ती रक्तद्रवातील मोकळा, म्हणजे पेशींबाहेरचा, डीएनए तपासते. संशोधक डेनिस लो यांनी १९९७मध्ये दाखवलेला हा डीएनए प्रसूतीनंतर लवकरच नाहीसा होतो, त्यामुळे आधीच्या बाळाचा त्या अहवालात घोटाळा होत नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्यानुसार त्या अहवालात गर्भाचे लिंग सांगता येत नाही.