टेबलटॉप आरपीजीची रूलबुकं एवढी महाग का, आणि घ्यावीत का: थोडी पार्श्वभूमी

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा गेम, त्यातला सगळ्यात प्रसिद्ध डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्याचं 2024 चं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक, 50 डॉलरला आहे, म्हणजे आपल्याकडे चार हजारांच्या पुढे. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराचं महिन्याचं मेसचं बिल साधारण तेवढंच असतं, त्यामुळे नवीन ग्रुप जमला की नुसत्या नियमांना एवढे पैसे कशाला हा प्रश्न येणारच.

आता मागे जाऊ. 1974 मधे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून टीएसआर कंपनीने गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनचा हा गेम काढला, एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिली छपाई फक्त 1000 प्रतींची. महागाई धरली तर ते आजचे 60 डॉलरच्या वर जातात! आणि एवढे देऊनही गेम पुरा हातात येत नव्हता, लढाईसाठी चेनमेल हे आधीचं पुस्तक तुमच्याकडे असेल असं गृहीत धरलेलं, रानावनातल्या प्रवासाला आउटडोअर सर्व्हायव्हल हा दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड गेम घ्या म्हणून सांगितलेलं, आणि बाकी नियम इतके तुटक की प्रत्येक ग्रुप आपापला अर्थ लावून खेळायचा. त्या मानाने आजचं 384 पानी रंगीत पुस्तक मला स्वस्तच वाटतं, निदान डॉलरमधे कमावणाऱ्याला तरी.

तीन जाड पुस्तकांची पद्धत पडली ती 1977 ते 79 मधे, अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत, आधी राक्षसांचं पुस्तक मग खेळाडूंचं मग डंजन मास्टरचं, म्हणजे गेम चालवणाऱ्याचं. तिन्ही प्रत्येकाने घ्यायची गरज तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, पण दुकानात तिन्ही शेजारी मांडलेली दिसतात आणि नवीन माणूस घाबरतो.

किमतीच्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली 2000 साली. तोवर टीएसआर ही विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली होती, त्यांनी तिसऱ्या आवृत्तीचं हँडबुक 20 डॉलरला आणलं आणि सोबत ओपन गेम लायसन्स, म्हणजे इतरांनाही नियम वापरायची परवानगी, काढून गेमचे मूळ नियम एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) म्हणून फुकट खुले केले. पुढे 2003 मधे हँडबुक 30 वर गेलं, 2014 मधे 50 वर, पण मधली 2008 ची चौथी आवृत्ती सोडली तर मूळ नियम मोकळेच राहिले. 2023 च्या जानेवारीत कंपनी ते लायसन्स बदलायला निघाली तेव्हा लोक इतके भडकले की त्याच महिन्यात पाचव्या आवृत्तीची एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरू देणाऱ्या लायसन्सखाली आली, आता ती परत घेता येत नाही.

म्हणजे मूळ नियमांना पैसे पडतच नाहीत, पैसे पडतात ते चित्रांना, उदाहरणांना, नीट मांडणीला आणि राखून ठेवलेल्या भागाला. त्या एसआरडीत प्रत्येक क्लासला (योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) एकच सबक्लास म्हणजे उपप्रकार आहे, अख्खं मिळून फीट (पात्राचं खास कौशल्य) एकच, आणि बिहोल्डर हा गेमचा प्रसिद्ध राक्षस नाहीच. पहिले काही महिने यात आरामात निघतात, पुढे मात्र पुस्तकाची कमतरता खरंच जाणवते.

आपल्याकडचं महागपण टॅक्समुळे नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, बाहेरून येणाऱ्यांवर 2019 च्या बजेटपासून 5 टक्के कस्टम ड्युटी लागते, बस. खरा मार डॉलरचा. आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं कशी पुण्यात एबीसीत (अप्पा बळवंत चौकात) सेकंडहँड घेऊन वर्ष संपलं की परत विकता येतात, तसं या पुस्तकांना ठरलेलं गिऱ्हाईक नाही, घेतलं की घरातच राहतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की आधी एसआरडीवर खेळा, ग्रुप टिकला तर पाच जणांनी वर्गणी काढून एकच हँडबुक घ्या, माणशी आठ-नऊशे पडतात आणि ते वर्षानुवर्षं वापरलं जातं. राक्षसांचं पुस्तक ज्याला डंजन मास्टर व्हायचंय त्याने सावकाश घ्यावं. आणि पाथफाइंडर हा दुसऱ्या कंपनीचा असाच गेम चालणार असेल तर त्याचे सगळे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर त्या कंपनीच्या संमतीनेच फुकट आहेत, तिथे तर वर्गणीही लागत नाही.