पीटीआय आणि नुकसानभरपाई : सही करण्यापूर्वी काय पाहावे

न्यू जर्सीत चोरीचा किंवा फसवणुकीचा पहिलाच आरोप झालेल्या व्यक्तीला, खटला न चालवता ठरावीक काळ देखरेखीखाली राहून आरोप रद्द करून घेण्याची संधी मिळू शकते. या योजनेला प्रीट्रायल इंटरव्हेन्शन, म्हणजेच पीटीआय, म्हणतात. अर्जाचे शुल्क ७५ डॉलर, देखरेखीची मुदत जास्तीत जास्त ३६ महिने, आणि संधी एकदाच. तक्रारदाराचे नुकसान झाले असेल तर ते भरून देण्याची अट बहुधा घातली जाते, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांचा पहिला प्रश्न "किती भरायचे?" हाच असतो.

समजा, इसेलिनच्या एखाद्या दुकानातील कॅशिअरवर गल्ल्यातून पैसे घेतल्याचा आरोप आहे आणि मालक ६,२०० डॉलर मागतो. हिशेबाचा कागद उलगडला की दिसते : गल्ल्यातील तूट ३,९०० डॉलर, त्यानंतर बसवलेल्या कॅमेऱ्यांचे १,४००, मॅनेजरने हिशेब तपासण्यात घालवलेल्या वेळेचे ९००. यातील पहिला आकडा पावत्यांवरून पडताळता येतो; कॅमेरे हे चोरीने झालेले नुकसान नव्हे, म्हणून त्याला आम्ही हरकत घेतो, आणि मॅनेजरच्या तासांचा पुरावा मागतो. कामगाराचा शेवटचा ६४० डॉलरचा पगार मालकाने अडवून ठेवला असेल, तर तोही याच वेळी पुढे आणावा लागतो.

रक्कम भरण्याची ऐपत नाही, एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारू नये, असे योजनेचे धोरण आहे, आणि हप्ते मागता येतात. तरीही प्रकरण लवकर मिटावे म्हणून नातेवाइकांकडून उसने घेऊन सगळी रक्कम रोख मालकाच्या हातात देणारे लोक आम्ही पाहतो. असे करू नये : पावती नसेल तर ती रक्कम हिशेबात धरली जाईलच असे नाही, आणि त्या भेटीत बोललेले शब्द पुढे कबुली म्हणून मांडले जाऊ शकतात. मोठ्या दुकानांकडून येणारे दिवाणी भरपाईचे, म्हणजे दुकानाने स्वतःच पैसे मागणारे, पत्रही वेगळे असते. ते पैसे भरल्याने फौजदारी आरोप रद्द होत नाही.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांसाठी खरा धोका मात्र रकमेपेक्षा मजकुरात असतो. पीटीआयसाठी सर्वसाधारणपणे गुन्हा कबूल करावा लागत नाही, पण काही आरोपांत करावा लागतो. केंद्रीय इमिग्रेशन कायद्यानुसार गुन्ह्याची, किंवा दोषी ठरवण्यास पुरेशा तथ्यांची, कबुली आणि सोबत न्यायाधीशाने घातलेले कोणतेही बंधन, एवढ्यावर ते प्रकरण दोषसिद्धी मानले जाते, मग राज्याने पुढे आरोप रद्द केला तरीही. २०१७ साली टेक्सासमधील अशाच योजनेच्या करारातील कबुलीवरून इमिग्रेशन अपील मंडळाने हाच निर्णय दिला. म्हणून भरपाईच्या करारात "मी ही रक्कम घेतली" असे वाक्य असेल तर आम्ही ते बदलून मागतो. फसवणुकीच्या प्रकरणात १०,००० डॉलरहून अधिक नुकसानीचा आकडा विशेष घातक असतो, कारण तशा दोषसिद्धीवरून देशातून काढले जाऊ शकते. भरपाईचा आदेश नुकसानीचा पुरावा म्हणून पाहता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निजहावन खटल्यात मान्य केले आहे.

येथे एक उलटी गोष्ट सांगायला हवी. २०० डॉलरहून कमी किमतीच्या चोरीचे प्रकरण म्युनिसिपल कोर्टात जाते आणि तेथे 'कंडिशनल डिसमिसल', म्हणजे अटी पाळल्यास आरोप रद्द करण्याची सोय, देऊ केले जाते. त्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो किंवा न्यायालयाने दोषी ठरवावे लागते, त्यामुळे नागरिक नसलेल्यांना हे लहान प्रकरण पीटीआयपेक्षा महाग पडू शकते.

पहिल्या भेटीला येताना तक्रारीची प्रत, शेवटच्या दोन-तीन पगाराच्या पावत्या आणि व्हिसाचे कागद आणावेत. मालकाशी झालेले व्हॉट्सॲप मेसेज, कितीही अडचणीचे वाटले तरी, पुसू नयेत.