सदोष गाडी: बदलून द्यायची की दुरुस्त करून?

नव्या गाडीत मोठा दोष निघाला आणि प्रकरण ग्राहक आयोगात गेलं, की बहुतेक वेळ एकाच प्रश्नावर जातो: हा 'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट' (उत्पादन दोष) आहे का? गंमत अशी की १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या दोषाच्या व्याख्येत हे शब्द नव्हतेच. तिथे फक्त 'दोष' होता आणि त्याची व्याख्या चांगली ऐसपैस होती. गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांत राहिलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. तो दर्जा कायद्याने ठरवलेला असो, करारातून उघडपणे किंवा गर्भितपणे आलेला असो, नाहीतर विक्रेत्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला असो. दोष कारखान्यातच शिरला होता हे ग्राहकाने दाखवून द्यावं, असं त्या व्याख्येत कुठेही नव्हतं. तरीही आज तक्रारदाराचं निम्मं बळ तेच दाखवण्यात खर्ची पडतं.

या गुंत्याचं एक टोक १९३०च्या माल विक्री कायद्यात आहे. तो कायदा विक्रीच्या करारातल्या कलमांचे दोन प्रकार करतो: शर्त आणि हमी. शर्त मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. हमी मोडली तर नुकसानभरपाई मागू शकतो, माल मात्र त्याच्याच गळ्यात राहतो. त्यातही खोच अशी की माल एकदा स्वीकारला की सर्वसाधारणपणे शर्तीचा भंगसुद्धा हमीचा भंग म्हणूनच धरायचा. गाडीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ होता. शोरूममधून घरी आणली, पासिंग झालं, नंबर पडला, चार दिवस चालवली, की नाकारायचा हक्क जवळपास संपला. वर करार डीलरशी, कारखानदाराशी नाही. दिवाणी दावा लावायचा तर कोर्ट फी भरा आणि वर्षानुवर्षं तारखा मोजा. तुटवड्याच्या त्या काळात स्कूटरसाठीही वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. गाडी मिळाली हेच नशीब समजलं जाई, तिच्यातल्या दोषाबद्दल भांडायला कोण जातो!

ऐंशीच्या दशकात दोन गोष्टी बदलल्या. १९८३च्या डिसेंबरात छोटी मोटार बाजारात आली आणि मध्यमवर्ग गाडीचा ग्राहक झाला. दुसरीकडे, पुण्यामुंबईत सत्तरच्या दशकापासून उभ्या राहिलेल्या ग्राहक चळवळीच्या मागण्यांना १९८६च्या डिसेंबरात कायद्याचं रूप आलं. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच (आजचे जिल्हा आयोग), वकील लावायची सक्ती नाही आणि दोष सिद्ध झाला तर देता येणारे आदेश कलम १४मध्ये ओळीने दिलेले: दोष दूर करा, त्याच वर्णनाची नवी निर्दोष वस्तू द्या, किंमत परत करा, नुकसानभरपाई द्या. आधी पहिला उपाय करून पाहा, तो फसला तरच दुसऱ्याकडे वळा, असा क्रम कायद्याने लावलेला नव्हता. कलम ३ तर म्हणत होतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना कमी करणारा नाही. माल स्वीकारला म्हणून नाकारता येत नाही, या जुन्या अडचणीतून ग्राहकाची सुटका झाली असं तेव्हा वाटलं, ते काही चुकीचं नव्हतं.

अडचण चाचणीत आली. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर मंचाने वस्तूचा नमुना घ्यावा, तो सीलबंद करावा, साक्षांकित करावा आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी तरतूद होती. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर तेलाचा डबा किंवा औषधाची बाटली असावी. गाडीचा नमुना कसा घ्यायचा आणि सील कुठे मारायचं? म्हणून मग वाटा शोधल्या गेल्या. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातले यंत्र विभागाचे प्राध्यापक, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक, एखादा सर्व्हेअर, क्वचित पुण्यातल्या टेकडीवरची वाहन संशोधन संस्था. तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची. तोवर गाडी एकतर दारात उभी असते किंवा नाइलाजाने चालवली जात असते, आणि ओडोमीटरवरचा प्रत्येक किलोमीटर कंपनीच्या लेखी कैफियतीत जाऊन बसतो: 'इतके हजार किलोमीटर चालली, म्हणजे दोष नाही.' गाडी उभी ठेवली तर बॅटरी उतरली, टायर बसले, निगा राखली नाही, असा उलटा आक्षेप. दोन्हीकडून मार.

तरीही पहिली पंधराएक वर्षं मंचांचा कल उदार होता. वारंवार दुरुस्ती करूनही दोष जात नसेल तर तोच दोषाचा पुरावा धरायचा, अशा धाटणीचे आदेश होत. या पार्श्वभूमीवर २००६च्या मार्च महिन्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. नंतरच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणावर त्याची सावली आहे, म्हणून त्याला थोडी जास्त जागा द्यायला हवी.

वाद देशातल्या सर्वात मोठ्या मोटार कंपनीशी होता. खालच्या पातळीवर गाडी बदलून देण्याचा आदेश झालेला होता. कंपनीने वॉरंटीच्या अटीवर बोट ठेवलं. त्या अटीप्रमाणे कंपनीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची, संपूर्ण गाडी बदलण्याची नाही. न्यायालयाने ते मान्य केलं. वॉरंटीत भाग बदलण्याचं वचन आहे, गाडी बदलण्याचं नाही, म्हणून गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असा तो निष्कर्ष. तक्रारदार अगदी रिकाम्या हाती परतला नाही, त्याला भरपाई मिळाली. पण वकिलांनी आणि आयोगांनी या निकालातून उचललं ते एकच वाक्य: अटीत भाग म्हटलंय, गाडी नाही.

या निकालाच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. एका सुट्या भागात दोष आहे, तो बदलला की गाडी ठणठणीत होते. अशा वेळी लाखोंची गाडी परत घ्यायला लावणं कुणालाही अवास्तव वाटेल. ग्राहकाने दोन वर्षं वापरलेली गाडी देऊन कोरी गाडी घेऊन जाणं हाही अन्याय होऊ शकतो. कंपन्यांचा युक्तिवाद इथपर्यंत रास्त आहे.

पण वॉरंटी कार्ड कंपनीने छापलेलं असतं. ग्राहकाला त्यातला शब्दही बदलता येत नाही आणि बहुतेकांच्या हाती ते पैसे भरून झाल्यावरच पडतं. संसदेने दिलेला उपाय अशा कागदावरच्या अटीने आखडता घेता येतो का, हा खरा मुद्दा होता. कलम १४मध्ये वस्तू बदलून देण्याचा अधिकार होता आणि तो वॉरंटीच्या शब्दांना बांधलेला नव्हता. दोषाच्या व्याख्येत गर्भित करारही येतो, म्हणजे कार्डावर काहीही छापलेलं असलं तरी नवी गाडी नव्या गाडीसारखी चालली पाहिजे ही अपेक्षा त्यात बसते. २००६चा निकाल या मुद्द्याला भिडण्यापेक्षा वॉरंटीच्या मजकुरावर उभा राहिला. परिणामी १९३०च्या कायद्यातलं 'माल तुमचाच, भरपाई मागा' हे सूत्र मागच्या दाराने परत आलं.

'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट'ला आजचं वजन आलं ते यातूनच. संपूर्ण गाडी बदलून हवी तर दोष एखाद्या भागापुरता नसून गाडीत मुळातच, कारखान्यापासून आहे आणि दुरुस्तीने जाणारा नाही, हे दाखवायला हवं असा रिवाज रुळला. त्याबरोबर तज्ज्ञांचा अहवाल जवळपास अनिवार्य झाला. तो नसेल तर तक्रार फेटाळली जाण्याची शक्यता मोठी. असला तरी कंपनीची उत्तरं ठरलेली: इंधन भेसळीचं, इंजिनात पाणी गेलं, क्लचवर पाय ठेवून चालवली, सर्व्हिसिंग बाहेर केलं, बाहेरून गॅस किट बसवलं. ही कारणं दर वेळी खोटीच असतात असं नाही. पण गाडीचा सगळा तांत्रिक तपशील आणि त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांच्या तक्रारींची नोंद कंपनीच्या संगणकात, आणि सिद्ध करायचं ओझं मात्र हातात जॉब कार्डांची (वर्कशॉपच्या दुरुस्ती-नोंदींची) चवड घेऊन उभ्या असलेल्या माणसावर.

२०१०च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच या कडक चौकटीत एक फट ठेवली. प्रकरण इंजिन आणि गिअरबॉक्समधून येणाऱ्या आवाजाचं होतं, कंपनीने इंजिन बदलून दिलेलं होतं. गाडी चालूच शकणार नाही असा दुसरा मोठा दोष दिसत नाही, असं न्यायालयाने नोंदवलं. मात्र स्वतंत्र तज्ज्ञाने गाडी तपासावी आणि तिच्यात मूळचाच उत्पादन दोष निघाला तर किंमत व्याजासह परत द्यावी, हेही सांगितलं. म्हणजे पैसे परत मिळण्याचा दरवाजा उघडा, किल्ली तज्ज्ञाच्या खिशात.

अमेरिकेत हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला. १९८२मध्ये कनेक्टिकट राज्याने केलेल्या कायद्यात कारणाचा शोध बाजूला ठेवून मोजणी आणली. ठरावीक मुदतीत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर दुरुस्तीची वाजवी संधी देऊन झाली असं गृहीत धरायचं. पुढे त्या देशातल्या सगळ्या राज्यांनी या धर्तीवर कायदे केले. सिंगापूरमध्ये २०१२ साली, दक्षिण कोरियात २०१९ साली अशा तरतुदी आल्या. भारतात खास सदोष गाड्यांसाठी असा कायदा नाही. इथे चार जॉब कार्डं हा पुरावा आहे, निकष नाही.

पैसे कुणी द्यायचे हा दुसरा गुंता. गाडी विकतो डीलर, बनवते कंपनी, आणि दोघांतला करार 'दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला' असतो. २०२१ साली गोव्यातल्या एका प्रकरणात २०११चं मॉडेल म्हणून २००९ची गाडी दिली गेली होती. डीलरच्या या वागणुकीत कंपनीचा हात होता असं तक्रारीतच मांडलेलं नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करण्याची पद्धत आधीपासून होती. आता नुसती नावं घालून भागत नाही, कुणाचं नेमकं काय चुकलं हे वेगवेगळं लिहावं लागतं.

रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची, गोष्ट समांतर चालते आणि तिची या वादाशी बऱ्याचदा गल्लत होते. २०१२मध्ये वाहन उद्योगाने स्वतःहून रिकॉलची आचारसंहिता आणली. २०१९च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार दिला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. पण रिकॉल असतो सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या दोषासाठी, तोही अनेक गाड्यांमध्ये आढळलेल्या. तुमच्या एकट्याच्या गाडीचा गिअर अडकतो, याला तिथे उत्तर नाही.

२०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०मध्ये लागू झाला तेव्हा त्यातल्या 'उत्पादन दायित्व' या प्रकरणाचा मोठा गाजावाजा झाला. त्याप्रमाणे उत्पादन दोष असेल तर उत्पादक जबाबदार ठरतो, आणि उघड हमी देताना निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध करूनही तो सुटत नाही. वाचायला भक्कम. पण त्याच कायद्यात 'हानी'ची व्याख्या पाहिली तर खुद्द त्या वस्तूला झालेली हानी तिच्यातून वगळलेली आहे. ब्रेक निकामी होऊन अपघात झाला, माणूस जखमी झाला, तर हे प्रकरण कामाला येतं. गाडीच भंगार निघाली, एवढीच तक्रार असेल तर पुन्हा जुन्याच उपायांकडे वळायचं. ते आता कलम ३९मध्ये आहेत. ग्राहकाचा खरा फायदा झाला तो कमी चर्चा झालेल्या तरतुदींनी. स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि कुठल्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर नाही तर दिलेल्या किमतीवर ठरतं. डिसेंबर २०२१च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. दोन वर्षांची मुदत मात्र कायम आहे आणि सर्व्हिस सेंटरच्या 'पुढच्या वेळी बघू' मध्ये ती सहज निघून जाते.

एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात दिलेला निकाल या सगळ्यात वेगळा पडतो. २०१५मध्ये घेतलेल्या गाडीला २०१७मध्ये अपघात झाला, धडक समोरून बसली, एअरबॅग उघडल्या नाहीत. धडकेचा जोर पुरेसा नव्हता, असं कंपनीचं म्हणणं. ग्राहक हा वेग आणि बलाची गणितं मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नव्हे, असं न्यायालयाने सुनावलं आणि ३ लाखांच्या भरपाईसह गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. सदोष होता तो एक भागच, तरी बदलायची ती गाडी. सुरक्षेची खात्री देऊन गाडी विकली आणि ऐन वेळी तीच खात्री फोल ठरली, हे इथे वॉरंटीच्या कलमापेक्षा जड गेलं. २००६चा निकाल मात्र यामुळे रद्द झालेला नाही. त्यामुळे आता आयोगापुढे दोन्ही निकाल समोरासमोर ठेवले जातात: कंपनीचा वकील जुना काढतो, तक्रारदाराचा नवा, आणि तक्रारीतली मागणीही त्याच बेताने लिहिली जाते. गाडी बदलून द्या, ते नसेल तर किंमत व्याजासह परत करा, तेही नसेल तर सदोष भाग बदलून भरपाई द्या.