मीटर लाल झाला की आवाज वाढत नाही, फाटतो

मागच्या सीझनला एका हळदीत डीजे मित्राच्या सेटअपजवळ उभा होतो, लॅपटॉप, कंट्रोलर, मागे दोन बेस (जड आवाजाचे स्पीकर) आणि दोन टॉप (वरच्या पट्टीचे स्पीकर). मास्टरचा, म्हणजे सगळ्या गाण्यांच्या एकत्र आवाजाच्या नॉबचा, लाल दिवा नुसता लुकलुकत नव्हता, सलग पेटलेला, आणि समोरच्या रांगेतल्या बायका कानांवर हात धरून बसलेल्या. मित्र म्हणाला पब्लिकला अजून आवाज पाहिजे. मी मास्टर खाली घेतला, गाण्यांचे गेन (प्रत्येक गाण्याच्या आवाजाचा वेगळा नॉब) खाली घेतले आणि तेवढाच आवाज मागच्या अॅम्पवर (स्पीकरला ताकद देणारं यंत्र) वाढवला, तर ढोल आपटल्यासारखा छातीवर यायला लागला आणि बायकांचे हात कानांवरून खाली आले.

झालं काय होतं, तर डिजिटल आवाज म्हणजे शेवटी आकडे. सीडीच्या दर्जाच्या फाईलमध्ये सेकंदाला 44,100 वेळा लाटेची उंची आकड्यात लिहिलेली असते आणि 16 बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा 32,767, त्याच्या वर लिहायला आकडाच नाही. मीटरवरचा 0 डीबी (डेसिबल) म्हणजे ती शेवटची उंची, म्हणून बाकी सगळं मायनसमध्ये मोजतात (पोलिसांच्या मीटरवरचे डीबी हवेतल्या आवाजाचे, ते वेगळे). विसर्जनाला उंच मूर्ती निघते तेव्हा मुकुट आणि रस्त्यावरची वायर यांच्यात जी जागा राहते ना, तीच हेडरूम, म्हणजे आवाजाच्या शेंड्यापासून 0 पर्यंतची मोकळी जागा. रस्त्यात बांबूने वायर उचलणारी पोरं असतात, डिजिटलमध्ये वायर उचलता येत नाही, मुकुट कापलाच जातो.

लाटेचा शेंडा असा सपाट कापला गेला की मूळ गाण्यात नसलेल्या वरच्या पट्टीतल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि त्या सरळ टॉपमधल्या बारीक ड्रायव्हरकडे (आतला छोटा स्पीकर) जातात. त्यात गोल लाट पूर्ण चौकोनी झाली तर उंची तीच असूनही ताकद दुप्पट होते, म्हणजे केसासारख्या तारेची कॉइल तापत राहते, तिला थंड व्हायला उसंतच नाही. जळक्या वार्निशचा वास आला की समजायचं, ड्रायव्हर गेला.

सॉफ्टवेअरच्या आत मात्र गणित बहुतेक 32 बिट फ्लोटमध्ये (0 च्या वरचे आकडेही मावतात अशा पद्धतीत) चालतं, तिथे 0 च्या वर गेलेला आवाज लगेच तुटत नाही, पुढे मास्टर खाली असला तर वाचतो. पण कंट्रोलरच्या साऊंड कार्डमधून बाहेर पडताना तो ठरलेल्या उंचीत बसावाच लागतो आणि कापाकापी तिथे होते. लिमिटर (आवाज ठरलेल्या उंचीवर रोखणारी सोय) लावला तरी तो शेंडा दाबतो, मग किक (बीटचा जड ठोका) मेल्यासारखी वाजते. लिमिटर अपघातापुरता ठेवावा, रात्रभर त्याच्यावर भार टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मिक्सिंगचं बघा. सारख्याच लेव्हलची दोन गाणी एकावर एक आली आणि दोन्हीच्या किक बरोब्बर जुळल्या तर शेंडा 6 डीबीपर्यंत वर जाऊ शकतो, आणि बीट जुळवणं हेच तर डीजेचं काम! म्हणून प्रत्येक गाण्याच्या चॅनेलचा शेंडा साधारण मायनस 6 च्या आसपास ठेवायचा, मग दोन्ही मिळून फारतर 0 ला टेकतात. वर कोणी बेसचा नॉब पिळला तर तेही उरत नाही, म्हणून नवीन गाण्याचा बेस आत घेताना जुन्याचा बेस काढायचा.

जुनी गाणी आणि आजचे रिमिक्स यांचा घोळ वेगळाच. दोन्हीचे शेंडे 0 ला टेकलेले असू शकतात पण रिमिक्स इतका दाबून भरलेला असतो की त्याची सरासरी खूप वर असते, मग जुनं गाणं लावलं की हवा गेल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप गेनवर जातो. उलटं करायचं, रिमिक्स खाली आणायचा. सॉफ्टवेअरमधला ऑटो गेन हेच करतो, फक्त त्याचं टार्गेट खाली ठेवावं लागतं.

लेव्हल कमी ठेवली तर क्वालिटी जाते ही भीती बऱ्याच जणांना असते, पण एक बिट म्हणजे अंदाजे 6 डीबी. 24 बिटच्या आऊटपुटला कागदावर 144 डीबीची रेंज मिळते, त्यातले 6 सोडले तर 138 उरतात, हळदीच्या मांडवात तो फरक कोणाला ऐकू येणार? मोठा आवाज अॅम्पकडून घ्यायचा, लॅपटॉपकडून नाही.

राहिला कान. तासभर मोठ्या आवाजात उभं राहिलं की कान तात्पुरता बधिर होतो, डीजेला आवाज कमी झालाय असं वाटतं आणि नॉब गुपचूप वर सरकतो, सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डीबीच्या वर नको असं सांगितलंय. मित्राने आता एक सवय लावून घेतलीय, संध्याकाळी कान ताजे असताना सगळ्यात जड रिमिक्स लावून लेव्हल सेट करतो, मास्टरच्या नॉबशेजारी पांढरी टेप चिकटवून पेनाने रेघ मारतो आणि रात्री दहाला बंद करताना नॉब त्या रेघेवरच आहे ना ते बघतो.