सोलापूरहून एन्ड्युरन्स राइडला घोडा उतरवायचा असेल तर : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

एन्ड्युरन्स राइड म्हणजे घोड्यावरून लांबचं अंतर फेऱ्याफेऱ्यांनी, प्रत्येक फेरीनंतर पशुवैद्यकीय तपासणी देत पूर्ण करण्याची स्पर्धा. तिच्या चाळीस किलोमीटरच्या नवोदित गटात घोडा उतरवायचा असेल, तर स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजत तयारी करावी लागते. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही. त्या फॉर्मवरचा पंधरा आकडी मायक्रोचिप नंबर घोड्याच्या मानेत, पासपोर्टवर (घोड्याची ओळख आणि लसींच्या नोंदी असलेली पुस्तिका), ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या चाचणी अहवालावर आणि वाहतुकीच्या दाखल्यावर एकच असावा लागतो, आणि ते जुळवायला दोन-तीन महिने हाताशी हवेत. आपल्या जिल्ह्यात बरेच घोडे अकलूजच्या बाजारातून येतात. अशा घोडेमालकाकडे बहुतेक वेळा फक्त विक्रीची पावती असते. त्यामुळे सुरुवात तिथूनच करायची.

कुठल्या गटात अर्ज करायचा

देशातली राष्ट्रीय संघटना म्हणजे इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया, अर्थात ईएफआय. तिच्या वरची आंतरराष्ट्रीय संघटना एफईआय. आपल्याकडच्या राइडमध्ये 40, 60 आणि 80 किलोमीटरचे गट नेहमीचे. आंतरराष्ट्रीय एक तारा गट 100 किलोमीटरपासून सुरू होतो आणि तीन तारा गटात एका दिवसात 160 किलोमीटरपर्यंत जावं लागतं. तिथे थेट प्रवेश नाही. एफईआयच्या नियमाप्रमाणे घोडा आणि स्वार दोघांनीही आधी 40 ते 79 किलोमीटरच्या दोन आणि 80 ते 100 किलोमीटरच्या दोन राइड पूर्ण केलेल्या लागतात, त्याही ताशी 16 किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगाने. म्हणजे पहिल्या पायरीवर जोरात पळणारा नापास होतो. 40 किलोमीटरला अडीच तासांपेक्षा कमी वेळ लावला, तर ती राइड पात्रतेत धरली जात नाही. शर्यतीची सवय असलेल्या मंडळींच्या गळी हे लवकर उतरत नाही.

घोड्याची पात्रता

नवोदित राइडसाठी घोडा किमान पाच वर्षांचा हवा. जन्माची नोंद नसेल तर पशुवैद्यक दातांवरून वयाचा दाखला देतात. समोरच्या दातांतले कडेचे पक्के दात साडेचार वर्षांच्या आसपास येतात, पाचव्या वर्षी ते वरखाली नीट जुळतात. व्यापारी 'पाच पूर्ण' म्हणाला म्हणून पैसे मोजू नका, आधी तोंड उघडून बघा. गाभण घोडी चौथ्या महिन्यापासून चालत नाही आणि पायाशी शिंगरू असलेली घोडीही चालत नाही.

चालीचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा. बाजारात किंमत रवाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणाऱ्या झपझप चालीला मिळते आणि लग्नाच्या वरातीसाठी नाचकाम शिकवलेला घोडा हमखास विकला जातो. पण एन्ड्युरन्सच्या प्रत्येक तपासणीत घोडा हातात धरून, सैल दोरीवर, 40 मीटर जाऊन परत दुडक्या चालीने पळवून दाखवावा लागतो. पायांचा आवाज दोन ठोक्यांत, सारखा पडला पाहिजे. रवालीची सवय लागलेला घोडा मध्येच चाल बदलतो. डोकं वरखाली करतो, मागचा पाय ओढल्यासारखा टाकतो. तो लंगडत नसतो, पण तपासणाऱ्याला चाल अनियमित दिसते आणि घोडा बाद होतो. तेव्हा अर्ज करण्याआधी किमान सहा आठवडे रोज मुरमाच्या सपाट रस्त्यावर, स्वार न बसवता, फक्त दुडकीवर पळवायची सवय लावा. कुणाला तरी बाजूला उभं करून मोबाईलवर चित्रण करून घ्या. चूक लगेच दिसते.

स्वाराच्या बाजूने फार अटी नाहीत. आंतरराष्ट्रीय गटासाठी, ज्या वर्षी स्वार 14 वर्षांचा होतो त्या वर्षापासून प्रवेश मिळतो. अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी पालकांचं लेखी संमतिपत्र लागतं. हेल्मेट सक्तीचं आहे. चाबूक आणि टाचेचे आरे वापरायला बंदी आहे. बुटाला टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो.

चिप आणि पासपोर्ट

मायक्रोचिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली, मध्यावर बसवतात. सुई टोचण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा रीडर फिरवून नंबर वाचून घ्यायला सांगा. पाकिटावरचं बारकोडचं स्टिकर फेकू नका. तेच पासपोर्टवर चिकटतं आणि उरलेली स्टिकरं रक्ताच्या नमुन्याच्या फॉर्मला उपयोगी पडतात. नंबर हाताने उतरवला की एखादा आकडा चुकतोच, आणि तो स्पर्धेच्या दारात सापडतो.

पासपोर्टमधलं सगळ्यात किचकट पान घोड्याच्या आकृतीचं. डावी बाजू, उजवी बाजू, समोरून तोंड, मानेखालचा भाग आणि चारी पाय अशी रेखाचित्रं छापलेली असतात. पांढऱ्या खुणा लाल शाईने काढायच्या, भोवऱ्यांच्या जागी काळ्या शाईने फुली मारायची. भोवरे बघण्यात आपली माणसं तरबेज. शुभ-अशुभाचा हिशेब बाजूला ठेवून ती नजर इथे वापरा. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, मानेवरचा आयाळीपासून किती अंतरावर आहे, हे नेमकं दाखवावं लागतं. नुकरा, म्हणजे पूर्ण पांढऱ्या घोड्याच्या अंगावर पांढऱ्या खुणा वेगळ्या दिसतच नाहीत, त्यामुळे त्याची सगळी ओळख भोवऱ्यांवरच अवलंबून. पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि तोंडावर पांढरं असलेल्या घोड्याच्या पायावरचा पांढरा पट्टा कुठपर्यंत चढतो, तेही प्रत्येक पायाला वेगळं काढा. ही आकृती पशुवैद्यकाने घोडा समोर उभा करून भरायची असते. फोटोवरून भरलेली आकृती जुळत नाही.

मालकीचा पुरावा म्हणून बाजार समितीची पावती आणि विकणाऱ्याची सही असलेला हस्तांतरणाचा कागद, दोन्ही ठेवा. घोड्याचा पासपोर्ट आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर आधी मालकी बदलून घ्या, मग अर्ज करा. नावाचं स्पेलिंगही सगळीकडे एकच ठेवा. एका कागदावर 'राजा' आणि दुसऱ्यावर 'राजा सरदार' असं झालं, की कागदांच्या दृष्टीने ते दोन घोडे.

ग्लँडर्सचा अहवाल

अर्ज अडतात ते जास्त करून इथे. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होतो आणि 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याखाली येतो. घोडा बाधित ठरला तर त्याला दयामरण द्यावं लागतं आणि परिसरात घोड्यांच्या ये-जा करण्यावर बंधनं येतात. म्हणून आयोजक ताज्या अहवालाशिवाय गेट उघडत नाहीत. किती दिवसांच्या आतला अहवाल चालेल ते स्पर्धेच्या माहितीपत्रकात (प्रॉस्पेक्टसमध्ये) दिलेलं असतं. मोजणी स्पर्धेच्या दिवसापर्यंत धरायची, अर्जाच्या दिवसापर्यंत नाही.

नमुना तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत घ्या. मानेच्या शिरेतून साध्या, लाल झाकणाच्या नळीत रक्त घेतात, ते गोठू देतात आणि वरचा पिवळसर द्रव वेगळा करून बर्फात पाठवतात. वेगळं न करता अख्खं रक्तच फ्रीजरमध्ये ठेवलं तर पेशी फुटतात, द्रव लाल होतो आणि नमुना परत मागवला जातो. या रोगाची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. सोलापूरहून तिथे पार्सल पोहोचेपर्यंत एप्रिल-मेमध्ये बर्फाचं पाणी होतं. त्यामुळे जेल पॅक दुप्पट भरा आणि शनिवार-रविवार मध्ये येणार नाही असा वार निवडा. त्याच नमुन्यावर अश्व संसर्गजन्य रक्तक्षयाचीही चाचणी मागून घ्या, आयोजक बहुधा दोन्ही विचारतात.

लसीकरणात धनुर्वात आणि इन्फ्लुएंझा, दोन्हींच्या नोंदी पासपोर्टवर बॅच नंबर, सही आणि शिक्क्यासह हव्यात. एफईआयच्या नियमाप्रमाणे इन्फ्लुएंझाची लस स्पर्धास्थळी पोहोचण्याच्या आधीच्या सात दिवसांत दिलेली चालत नाही. आठवलं म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतली, तर घोडा दारातूनच परत.

अर्ज

ईएफआयकडे स्वाराची आणि घोड्याची नोंदणी वेगवेगळी होते. स्वाराचं आधार कार्ड, जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो लागतो. घोड्याचा पासपोर्ट, चिप नंबर आणि मालकीचे कागद लागतात. नोंदणी झाल्यावर आयोजकाच्या फॉर्ममध्ये दोन्ही क्रमांक, गट आणि सोबत येणाऱ्या मोतद्दाराचं (घोड्याची देखभाल करणाऱ्याचं) नाव भरून शुल्क जमा करायचं. तबेल्याची खोली आणि पाण्याची सोय शुल्कात धरलेली आहे का, एवढं विचारून घ्या.

घोडा नेताना

1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार, घोडा प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला गाडीत असावाच लागतो. एका ट्रकमध्ये चार ते सहाच घोडे, प्रत्येक दोघांमध्ये किमान 8 सेंटीमीटर जाडीचा बांबू, सोबत एक माणूस आणि वेग ताशी 35 किलोमीटरपेक्षा जास्त नाही, असं नियमात आहे. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे थांबे धरून आठ-नऊ तास. संध्याकाळी निघा आणि स्पर्धेच्या निदान एक दिवस आधी पोहोचा. विजापूर किंवा कलबुर्गीकडे जायचं असेल तर राज्याची हद्द ओलांडावी लागते. तेव्हा आरोग्य दाखला आणि ग्लँडर्सच्या अहवालाच्या मूळ प्रती चालकाच्या हातात द्या, झेरॉक्सवर वाद होतात. हौद्याच्या तळाला घसरू नये म्हणून गोणपाट आणि वर भुसा टाका. कडबा आणि खुराक घरचाच न्या. जागेवर मिळालेल्या नव्या चाऱ्याने पोटशूळ उठतो आणि केलेली सगळी कागदपत्रं वाया जातात.

तपासणीच्या दारात

सुरुवातीच्या तपासणीत चिप वाचतात, पासपोर्टची आकृती घोड्याशी ताडतात आणि स्वाराच्या हातात वेट कार्ड, म्हणजे पशुवैद्यकीय तपासणीच्या नोंदींचं कार्ड देतात. 40 किलोमीटर साधारण 20-20 च्या दोन फेऱ्यांत होतात. फेरी संपल्यावर 15 मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला 64 किंवा त्याखाली यावी लागते. शेवटच्या फेरीनंतर 20 मिनिटं मिळतात. मधल्या तपासणीत नाडी जास्त भरली तर त्याच 15 मिनिटांत पुन्हा एकदा दाखवता येतं. शेवटच्या तपासणीत दुसरी संधी मिळेल असं धरून चालू नका.

मधल्या फेरीचा वेळ रेषा ओलांडल्यावर थांबत नाही, घोडा तपासणीला हजर केल्यावर थांबतो. म्हणून शेवटचा एक किलोमीटर घोडा चालत आणायचा, आल्या आल्या तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करून खोगीर उतरवायचं, आणि मानेवर, छातीवर, पायांच्या आतल्या बाजूला पाणी ओतून लगेच निथळून काढायचं. ओतलेलं पाणी अंगावर तसंच ठेवलं तर ते तापतं. स्टेथोस्कोप स्वतःचा ठेवा, डाव्या कोपरामागे लावून 15 सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. 60 ला आल्यावरच पुढे जा, कारण गर्दीत शिरल्यावर चार-पाच ठोके वाढतातच. नाडीनंतर हिरड्यांचा रंग, कातडीची चिमूट, आतड्यांचा आवाज आणि दुडकी चाल तपासतात.

औषधांच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की ठेवा, घोड्याच्या तोंडात किंवा अंगावर लेबल नसलेलं काहीही जाऊ देऊ नका. पिढीजात 'घोड्याचा मसाला', चहाचं पाणी, खसखस किंवा पोस्ताची बोंडं आणि मिरचीचा अर्क असलेलं मालिशचं तेल, या सगळ्यांतून बंदी असलेली द्रव्यं नमुन्यात सापडू शकतात. सुजेसाठी दिलेलं फेनिलब्युटाझोनही त्यातलंच. असं काही औषध दिलं असेल तर आधी पशुवैद्यकाला विचारा आणि गरज पडली तर प्रवेश मागे घ्या.

राइड झाल्यावर वेट कार्डाची प्रत आणि निकालपत्रक मागून घ्या, पुढच्या पात्रतेचा पुरावा तोच. एफईआयच्या नियमांत 54 किलोमीटरपर्यंतच्या राइडनंतर घोड्याला 5 दिवस आणि त्यापुढे 106 किलोमीटरपर्यंत 12 दिवस सक्तीची विश्रांती आहे. घोडा शारीरिक त्रासामुळे बाद झाला तर हे दिवस आणखी वाढतात. पुढचा फॉर्म भरताना तारीख याच हिशेबाने तपासा.